वहीत नसलेली फाईल

२ मार्च, सोमवार

आज नव्या सर्व्हिसने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला अडखळली.

आमच्या प्रयोगशाळेतून रोज हजार-बाराशे रक्ततपासण्यांचे रिपोर्ट निघतात. आजवर ते डेटाबेसमध्ये साठवायचे आणि मग आमच्या माणसांनी एकेक करून दवाखान्यांना पाठवायचे, अशी रीत होती. आता दवाखान्याचा कॉम्प्युटर थेट आमच्या कॉम्प्युटरला विचारणार आणि रिपोर्ट आपला आपण जाणार. ही विचारपूस सांभाळणारी सर्व्हिस धाकटीने सहा महिने खपून जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली. टेस्टच्या सर्व्हरवर सुरळीत चालते. आज मी ती खऱ्या सर्व्हरवर चढवली, तर पहिल्याच मागणीला लाल अक्षरांत उत्तर : रिपोर्ट या प्रकारची वस्तू रिपोर्ट या प्रकारात घेता येत नाही.

खोकलाराव मागे उभे होते. ते सर्व्हरच्या खोलीचं बघतात आणि बोलण्याआधी दोनदा खोकतात, म्हणून हे नाव. त्यांनाही ते ठाऊक आहे. म्हणाले, "म्हणजे मी मीच आहे, पण मला मी म्हणून घरात घेत नाहीत. आमच्याकडे हे रोजचंच आहे." धाकटी सोडून सगळे हसले.

धाकटी म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी. ऑफिसात आम्ही दोघीच बायका, त्यामुळे मी मोठ्या मॅडम आणि ती धाकट्या मॅडम. चारचौघांत मला मॅडम म्हणते, जिन्यात मावशी. चांगली चाललेली नोकरी सोडायला लावून मीच तिला इथे आणलं. वीस तारखेला तिचं प्रोबेशन संपतं. सर्व्हिस चालली तर कायम, नाही तर नाही, असं प्रमुखांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे. अठरा दिवस आहेत. पुष्कळ झाले.

४ मार्च, बुधवार

सोप्या शब्दांत लिहून काढलं की माझं मलाच नीट दिसतं, म्हणून लिहिते.

रिपोर्ट हा प्रोग्रॅममधला एक साचा. आम्ही त्याला क्लास म्हणतो. नाव, वय, हिमोग्लोबिन, तारीख, काय कुठे बसवायचं ते त्यात ठरलेलं. सर्व्हर हा साचा फाईलमधून वाचून घेतो. वाचून घेण्याचं काम करतो तो क्लासलोडर. प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचं फोल्डर आणि स्वतःचा लोडर असतो. शिवाय सगळ्यांना मिळून एक सामाईक फोल्डर, त्याचा लोडर वेगळा. एकच साचा दोन लोडरनी दोन ठिकाणांहून वाचला, तर जावाच्या लेखी ते दोन निराळे साचे. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच, पण एकाची वस्तू दुसऱ्याला चालत नाही.

शाळेत आमच्या वर्गात एकाच नाव-आडनावाच्या दोन मुली होत्या. एक बोर्डिंगची, एक घरून येणारी. एकदा बोर्डिंगवालीचं पत्र सिस्टरनी चुकून दुसरीच्या हातात ठेवलं. ही वाचता वाचता हुंदके देऊन रडायला लागली. 'आई आजारी आहे आणि मला घरात कुणी सांगितलंच नाही!' आई तर तिला सकाळीच फाटकापर्यंत सोडून गेली होती. किती हसलो होतो आम्ही. जिची आई खरोखर आजारी होती, ती मात्र तशीच उभी होती, पत्र मिळायची वाट बघत.

तर रिपोर्टचे दोन साचे कुठेतरी आहेत. धाकटीनेच सर्व्हिसच्या फायली एकत्र बांधताना दुसरी प्रत आत घातली असणार. ही मुलं भराभर बांधतात आणि आत काय गेलं ते बघत नाहीत. टेस्टचा सर्व्हर चार वर्षांपूर्वी मी माझ्या नोंदींच्या वहीवरून उभा केला. खऱ्या सर्व्हरवर वहीप्रमाणे जे जे आहे ते सगळं त्याच्यावर आहे. तिथे चालतं आणि इथे चालत नाही, म्हणजे इथे पाठवताना तिचंच काहीतरी चुकतं आहे. दुसरा काय अर्थ निघणार?

५ मार्च, गुरुवार

धाकटीने सामाईक फोल्डरमध्ये काय काय आहे त्याची यादी मागितली. खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडेच असतो, ती आत जाऊ शकत नाही. मी दुपारी बसून वहीवरून चौदा फायलींची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली.

या वहीविषयी थोडं लिहायला हवं. निळ्या कापडी पाठीची, तीनशे पानी. सर्व्हरवर कुठली फाईल ठेवली, कधी, कुणी, कशासाठी. सगळे हसायचे, आता हसत नाहीत. दोनदा टेस्टचा सर्व्हर कोसळला तेव्हा या वहीवरूनच उभा राहिला.

जिन्यात धाकटी म्हणाली, "मावशी, ही वहीतली आहे."

"मग?"

"मला मशीनवरची हवी होती."

"अगं, तेच ते."

"तेच ते असेल तर मशीनवरचीच द्या ना."

हसली. मीही हसले. हट्टीपणा अगदी आईचा.

९ मार्च, सोमवार

आज डबा खाताना धाकटीने विचारलं, "मावशी, जुनी सिस्टीम खऱ्या सर्व्हरवर पहिल्यांदा चढवली तो दिवस आठवतो का तुम्हाला?"

न आठवायला काय झालं? नऊ ऑक्टोबर. अकरा वर्षं झाली. त्या दिवशीही रिपोर्ट अडलेले. डेटाबेसमध्ये रिपोर्ट साठवणारी आणि काढून देणारी लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणलेला तयार प्रोग्रॅम, म्हणत होती, रिपोर्ट नावाचा साचाच मला सापडत नाही. सकाळपासून दवाखान्यांचे फोन. आणि साडेतीनला एक फोन, ह्यांना ठेवलं होतं त्या दवाखान्यातून. लगेच या, म्हणाले. मी होते तशी उठले. पर्स टेबलावर, चष्मा की-बोर्डवर. पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. हे पाच वाजून पाच मिनिटांनी गेले. एरवी पाऊण तासाचा रस्ता. त्या दिवशी गर्दी फार होती. रस्ता मोकळा असता तर भेट झाली असती.

धाकटीने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "आणि रिपोर्टचं काय झालं?"

"निघाले त्याच दिवशी."

"कसे?"

"केलं असेल कुणीतरी."

"पण पासवर्ड तर तुमच्याकडेच..." एवढं म्हणून थांबली. माझ्या हातावर हात ठेवला आणि डबा आवरायला लागली. गुणी पोर आहे. पण तिचं लक्ष मुद्द्यावर राहत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या गोष्टींचं आज काय?

११ मार्च, बुधवार

तिच्या समाधानासाठी म्हणून आज सामाईक फोल्डर उघडायला बसले. पासवर्ड टाकला आणि डोकं गच्च झालं. तेवढ्यात खोकलाराव नव्या बॅटऱ्यांच्या कागदावर सही घ्यायला आले. सही करून दिली आणि बाहेर पडले. तसंही त्या फोल्डरमध्ये कितीतरी वर्षांत जायची वेळ आलेली नाही. लायब्ररी दोनदा बदलली, तेव्हाही ते काम मी खोकलारावांकडून, शेजारी उभी राहून, करून घेतलं. ते नेमकी ती एक फाईल काढतात आणि दुसरी ठेवतात.

संध्याकाळी धाकटी आली. "मावशी, माझ्या सर्व्हिसमध्ये एक ओळ घालते. येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टला विचारायचं, तू कुठल्या फाईलमधून आलास. तो सांगेल. तुम्हाला फोल्डर उघडायलाही नको."

कल्पना चांगली होती. पण खऱ्या सर्व्हरवर रुग्णांचे रिपोर्ट असतात, तिथे प्रयोग नाहीत, असा माझाच नियम आहे. मी नाही म्हणाले.

"एक ओळ आहे, मावशी."

"नियमालाही एकच ओळ असते."

मला वाटलं, हसेल.

१३ मार्च, शुक्रवार

मैत्रिणीचा फोन. ती अजूनही मला मॉनिटरच म्हणते.

"काय गं मॉनिटर, माझ्या पोरीला उपाशी ठेवतेस का? डबा जातो तसा परत येतो."

"काम अडलंय. होईल."

"ती म्हणते, मावशीला एक साधी गोष्ट सांगितली तर करत नाही. काय गं ती गोष्ट?"

"तुला नाही कळायची."

"गणित तुला मी समजावून सांगायचे, विसरलीस? नापास झाली असतीस."

मग शाळेचंच बोलत बसलो. शिवणाच्या सिस्टर टाका वाकडा दिसला की अख्खी शिवण उसवायला लावायच्या, आणि ही धाग्याच्या टोकाला थुंकी लावून गाठ लपवायची. फोन ठेवताना म्हणाली, "बघ गं तिच्याकडे. तुझ्या भरवशावर आली आहे ती."

धाकटीने सर्व्हिस तीनदा पहिल्यापासून बांधली. मी तीनदा चढवली. तेच उत्तर.

१८ मार्च, बुधवार

बैठक झाली.

प्रमुख आवाज चढवत नाहीत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण समजूतदार आहेत. म्हणाले, "धाकट्या मॅडम, दोन आठवडे झाले. दवाखाने विचारतायत. अडतंय कुठे?"

धाकटी उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती. "सर, सामाईक फोल्डरमध्ये रिपोर्टची आणखी एक प्रत आहे असं मला वाटतं. लायब्ररी त्याच फोल्डरमध्ये आहे, ती आधी आपल्या शेजारी शोधते. तिला तिथली जुनी प्रत मिळते आणि माझ्या सर्व्हिसकडे माझी असते. दोन्ही जुळत नाहीत. टेस्टवर ती जुनी प्रत नाही, म्हणून तिथे चालतं. मी मशीनवरची यादी मागितली होती. मला वहीतली मिळाली."

खोलीत सगळे टेबलाकडे बघायला लागले.

प्रमुख माझ्याकडे वळले. "मॅडम?"

मी म्हणाले, "वहीत नाही ते सर्व्हरवर नाही. अकरा वर्षांत नव्हतं."

खोकलाराव दोनदा खोकले. सगळे थांबले. पण ते काही बोलले नाहीत.

"मग प्रश्न मिटला," प्रमुख म्हणाले. सर्व्हिसचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं. धाकटीला कायम करणार नाहीत. कामं सोपवायला आठवडाभर, मग सत्तावीस तारीख शेवटची.

मला फार वाईट वाटलं. पण मला जे माहीत होतं तेच मी सांगितलं.

बैठकीनंतर जिन्यात तिला हाक मारली. थांबली, वळली आणि म्हणाली, "काही काम होतं का, मॅडम?"

१९ मार्च, गुरुवार

मैत्रिणीचा फोन. या वेळी मॉनिटर म्हणाली नाही.

"शाळेत बाई वर्गात नसल्या की तू फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचीस. माझं पहिलं असायचं. काल माझ्या पोरीचं लिहिलंस."

"असं नाही गं ते."

"ती म्हणाली होती का, एकदा आत बघा म्हणून?"

"म्हणाली होती."

"बघितलंस?"

मी म्हणाले, "बघायची गरज नव्हती." तिने फोन ठेवला. पंचेचाळीस वर्षांत तिने असा फोन कधी ठेवला नव्हता.

२३ मार्च, सोमवार

बाहेरच्या कंपनीने काम हाती घेण्याआधी सर्व्हरवरच्या फायलींची यादी मागवली. अट अशी की यादी मशीननेच छापलेली हवी, हस्तलिखित नको. प्रमुखांनी चिठ्ठी माझ्याकडे पाठवली.

यादी काढली. सामाईक फोल्डरमध्ये पंधरा फायली.

पंधरावीचं नाव 'रिपोर्ट-तात्पुरती'. तारीख नऊ ऑक्टोबर, अकरा वर्षांपूर्वीची. वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ठेवणाऱ्याच्या जागी माझं लॉगिन.

सर्व्हरचं घड्याळ तेव्हा पुढे असणार.

खोकलारावांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, अकरा वर्षांपूर्वी सर्व्हरचं घड्याळ पुढे असायचं का?"

"छे हो मॅडम. ते बाहेरच्या घड्याळाशी जुळवलेलंच असतं पहिल्यापासून. चुकलं तर एखाद्या सेकंदाने. का?"

"काही नाही."

फोन साडेतीनला आला. मी होते तशी उठले.

२४ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ती फाईल सामाईक फोल्डरमधून काढून बाजूला ठेवली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. सात मिनिटं लागली. सर्व्हिसने पहिला रिपोर्ट दिला, मग दुसरा, मग मोजायची गरज उरली नाही. जुनी लायब्ररी फक्त आपल्या शेजारीच शोधायची, म्हणून तेव्हा फाईल तिथे ठेवावी लागली असणार. आताची लायब्ररी शेजारी सापडलं नाही तर सर्व्हिसच्या फोल्डरमध्ये जाऊन बघते. ती फाईल आज कुणालाच नको होती. कितीतरी वर्षं नको होती.

धाकटी स्वतःच्या जागेवरून उठून आली. तिच्या स्क्रीनवर दिसलं असणार.

"काय बदललंत?"

"थोडी साफसफाई केली."

"कुठे?"

"इकडे तिकडे."

ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. मी समोरचे कागद सारखे करत होते. ते सारखेच होते. मग ती गेली.

चार वाजता प्रमुखांचा निरोप आला : मोठ्या मॅडमनी एका दुपारात केलं, बाहेरच्या कंपनीला नाही म्हणून कळवा. टाळ्या झाल्या. धाकटीनेही वाजवल्या.

उद्या सांगते.

२७ मार्च, शुक्रवार

निरोपसमारंभ साडेचारला, वरच्या हॉलमध्ये. प्रमुख चार चांगले शब्द बोलले. मुलगी मेहनती आहे, अनुभव थोडा कमी पडला, वाईट वाटून घेऊ नये. मग म्हणाले, भेटवस्तू मोठ्या मॅडमच्याच हातून द्यावी, त्यांनीच तिला आणलं होतं.

मी तिच्या हातात पेनांचा डबा ठेवला. कागदाला चिकटपट्टी जास्त झाली होती.

"थँक्यू, मॅडम."

तिने खणातली चप्पल, चार्जर आणि कॉफीचा मग पिशवीत भरला. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. ओळखपत्र खोकलारावांकडे दिलं. ते दोनदा खोकले आणि म्हणाले, "पोरी, तू बरोबर लिहिलं होतंस हो." सगळ्यांसमोर म्हणाले. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी खिडकीत होते. चार दिवस होते माझ्याकडे. मंगळवारी सांगणार होते, मग बुधवारी प्रमुख बाहेरगावी होते, मग गुरुवारी मला बरं नव्हतं. आज समारंभ होता.

२९ मार्च, रविवार

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला, फादरपुढे आपल्या चुका कबूल करायला, जायच्या. आम्ही बाकीच्या चॅपेलबाहेरच्या व्हरांड्यात बसायचो. बाहेर येताना त्यांचे चेहरे नुकतेच धुतल्यासारखे दिसायचे. मला हेवा वाटायचा. पण मला आत जाऊ दिलं असतं तरी काय सांगायचं हे सुचलं नसतं. माझी वही स्वच्छ असायची.

सकाळपासून आठवतं आहे. थांबवलं तरी थांबत नाही.

फोन साडेतीनला आला. मी उठले, पर्स खांद्याला लावली. कुणीतरी म्हणालं, मॅडम, रिपोर्टचं काय? मी म्हणाले, एक फाईल ठेवते आणि निघते. पाच मिनिटं. पहिल्या खेपेला बसली नाही. सर्व्हर बंद केला, चालू केला. पुन्हा नाही. मग मी साचाच सामाईक फोल्डरमध्ये टाकला, तात्पुरता म्हणून, आणि एकदम रिपोर्ट निघायला लागले. मी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. मग घड्याळाकडे बघितलं आणि पर्स टेबलावर ठेवून तशीच धावले. चष्मा खरंच की-बोर्डवर राहिला होता.

ह्यांनी दोनदा विचारलं होतं, आली का, म्हणून. नर्सने सांगितलं होतं. तेही मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

रस्त्यावर गर्दी होती की नव्हती ते मात्र काही केल्या आठवत नाही.

३० मार्च, सोमवार

सकाळी दहाला प्रमुखांसमोर यादी ठेवली. पंधराव्या फायलीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. फाईल माझी. वहीत नोंदवली नाही ती मी. धाकटीचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. हे सापडून आठ दिवस झाले, तेही सांगितलं.

त्यांनी यादी वाचली. माझ्यासाठी पाणी मागवलं.

"मॅडम, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. हे कागदावर कशाला आणायचं? अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणाच्याही हातून होते."

"तिला परत घ्या."

"कुठे घेऊ? सर्व्हिस चालू झाली. सर्व्हिस चालतेय म्हटल्यावर माणसाची जागा वरून रद्द झाली. गुरुवारीच आलं ते."

"मंगळवारी मी सांगितलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, आता त्याचा काय उपयोग?"

मी म्हणाले, एक पत्र द्या, तिची चूक नव्हती एवढं लिहून. ऑफिसच्या कागदावर तसं लिहिता येत नाही, ते म्हणाले. चूक कुणाची हा पुढचा प्रश्न येतो. पुढच्या वर्षी जागा निघाली तर अर्ज करू दे, मी बघेन. चांगला माणूस आहे. मला वाचवत होता. मला त्याचा इतका राग आला की पाण्याला हात न लावता उठले.

२ एप्रिल, गुरुवार

पत्र मीच लिहिलं. साध्या कागदावर, माझ्या नावाने, माझ्या सहीने. सर्व्हिस कुणी लिहिली, ती का चालत नव्हती, कारण कुणी ओळखलं, आणि ते कारण कुणामुळे निर्माण झालं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन कागदांत 'अनवधानाने' हा शब्द होता. चौथ्यात काढला.

संध्याकाळी सहाला मैत्रिणीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. घरातला गाऊन, केस सोडलेले. दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि बाजूला झाली नाही.

"काय आणलंस?"

"कागद आहे एक. धाकटीसाठी."

"कागदच आणणार तू." आत वळून म्हणाली, "अगं, तुझ्या मॅडम आल्यात."

धाकटी बाहेर आली. हात ओले होते, ते ओढणीला पुसून तिने कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. आतून प्रेशर कुकरचा आवाज येत होता.

"परवा एका ठिकाणी गेले होते," ती म्हणाली. "त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सहा महिन्यांत का सोडलं? मी म्हटलं, सर्व्हिस चालली नाही. ते म्हणाले, आता तर चालते असं ऐकतो."

तिने कागदावर बोट ठेवलं.

"यात एक गोष्ट नाही."

"कुठली?"

"फाईल तुम्हाला केव्हा सापडली."

"तेवीसला."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. एका हाताने तिने केस मागे धरले होते, ते तसेच धरून राहिली.

"मी सत्तावीसला गेले," धाकटी म्हणाली.

"हो."

"पेनं तुम्हीच दिलीत."

"हो."

"ते पण लिहा. पेनांचं नको. तारीख लिहा."

चपलांच्या कपाटावर कागद ठेवून लिहिलं. फाईल २३ मार्चला सापडली, मी ती गोष्ट ३० मार्चपर्यंत कुणालाही सांगितली नाही. खाली पुन्हा सही केली. अक्षर बरं आलं नाही.

तिने वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मधल्या एका वाक्यात, जिथे मी लिहिलं होतं की लायब्ररीची जुनी प्रत राहिली होती, तिथे 'लायब्ररीची' खोडून 'रिपोर्टची' केलं. "लायब्ररी ठीक होती," म्हणाली. "वाचणाऱ्याला कळलं पाहिजे." पेन परत दिलं.

मला तिला चार वाजून दहा मिनिटांचं सांगायचं होतं. मी ते फोल्डर का उघडत नव्हते ते, टाळी, सगळंच. वाटेत वाक्यंही जुळवली होती. तोंड उघडलं सुद्धा. पण मैत्रीण समोर होती. ह्यांच्या वेळी महिनाभर ती माझ्याकडे येऊन राहिली होती. ऐकलं असतं तर तिने मला आत घेतलं असतं, जवळ बसवलं असतं, आणि धाकटीला गप्प बसावं लागलं असतं.

"अजून काही आहे का?" धाकटीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तिने कागदाची घडी घातली आणि आत गेली. कुकरची शिट्टी झाली. मैत्रिणीने केस सोडले.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" तिने विचारलं. सवयीनेच विचारलं असावं, कारण उत्तराची वाट न बघता तिने कडीला हात घातला.

"येते," मी म्हणाले.

ती 'ये' म्हणाली नाही. दोन पायऱ्या उतरून मी थांबले. दिवा लागला होता जिन्यातला. दार लावल्याचा आवाज आला, मग आतली साखळी सरकवल्याचा. मग मी उतरले.